दिलेलं नीतिमत्त्व

बाई,

दफनभूमीत पाळकसाहेब तुमच्या पेटीपाशी उभे राहून बोलत होते, तेव्हा मी मागे चपला हातात घेऊन उभी होते. शेजारच्या एका म्हातारबाबांनी हळूच सांगितलं, "घाला हो, इथं चालतात." मी घातल्या. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "आपली ही बहीण करुणा देवापुढे नीतिमान होती." बऱ्याच जणांनी माना हलवल्या. चर्चच्या महिला मंडळातल्या दोघीतिघींनी मात्र एकमेकींकडे बघितलं. त्यांना अक्काताईची गोष्ट ठाऊक होती, कारण तुम्हीच ती त्यांना सांगितली होती. मग पाळकसाहेबांनी पुढचं वाक्य जोडलं, "स्वतःच्या नव्हे, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वानं."

त्या वाक्यावर आपण दोघी पंचवीस वर्षं भांडलो. आणि त्या दिवशी तेच ऐकून मला रडू फुटलं. आज नववा दिवस आहे. तुमच्याशी बोलायचं बरंच राहिलंय, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्हाला आठवत असेल ते भांडण सुरू कसं झालं ते. शाळेत तुम्ही मोठ्या, मी तुमच्यानंतर लागलेली. तुम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. मी कसबा बावड्याच्या शेतकरी घरातली सून, सोमवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन उपास धरणारी. माझ्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. शाळा सांभाळून त्यांचं सगळं मी केलं. त्या गेल्यावर गल्लीतल्या महिलांनी 'आदर्श सून' म्हणून माझा सत्कार केला. साडी, नारळ, शाल. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही माझं अभिनंदन केलंत आणि मी स्टाफरूममध्ये ढसाढसा रडायला लागले.

सासूबाई जायच्या अकरा दिवस आधी मी त्यांना मारलं होतं. भाताची पेज भरवत होते, त्यांनी ती तिसऱ्यांदा थुंकली आणि माझा हात उठला. गालावर. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. बोलता येत नव्हतंच त्यांना. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, नणंदेला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगितलं, का ते आजही मला सांगता येणार नाही.

तुम्ही "असू दे गं, होतं असं" म्हणाला नाहीत. "वाईट केलंस," असं म्हणालात. मग माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवलात आणि विचारलंत, "आता काय करतेस?"

"आणखी एक उपास धरलाय. मंगळवारचा."

"आणि तो धरून?"

"अजून काही फरक नाही."

"शालू, तू स्वतःला चांगली ठरवायला बघतेस. ते काम तुझ्या हातचं नाही. माझ्याही नाही."

मग तुम्ही तुमच्या पंथातली ती गोष्ट मला पहिल्यांदा सांगितलीत. येशू जे आयुष्य जगला त्यात डाग नव्हता. जो त्याच्यावर विश्वास टाकतो, त्याच्या नावावर देव ते आयुष्य लावतो. आणि आपलं जे काही वाईट, ते येशूनं आधीच आपल्या अंगावर घेतलेलं असतं. आपण नीतिमान झालेलो नसतो, पण देव आपल्याला नीतिमान गणतो.

"म्हणजे उसनं नीतिमत्त्व," मी डोळे पुसत म्हणाले.

"उसनं परत करावं लागतं. हे दिलेलं आहे."

मला ते पटलं नाही. आमच्याकडे जो राबतो त्याचं पीक. दुसऱ्यानं उन्हात तण काढत भांगलण करायची आणि मी खळ्यावरून पोती न्यायची, हा कुठला न्याय? तसं मी बोललेही. तुम्ही हसलात आणि दत्तक घेतलेल्या मुलाचं सांगितलंत. त्याला घराचं नाव पहिल्या दिवशी मिळतं. घराचं वळण लागायला वर्षं जातात, पण वळण लागेपर्यंत कुणी नाव अडवून धरत नाही.

"मग त्या पोरानं चांगलं का वागायचं? नाव तर मिळालंच की."

"कारण आता ते घर त्याचं आहे, शालू. पाहुणा घाबरून नीट वागतो. घरचं लेकरू वेगळं."

घंटा झाली आणि तुम्ही चौथीच्या वर्गावर गेलात. पुढची पंचवीस वर्षं आपण ते तिथूनच पुढे चालवत राहिलो. मी तुमच्या पंथात आले नाही, तुम्ही कधी ये म्हणाला नाहीत. पण मी तुमच्यावर नजर ठेवून होते, हे आज कबूल करते. हे नुसतं बोलणं आहे की त्यानं माणसात काही फरक पडतो, ते मला बघायचं होतं.

फरक दिसायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर तुमची टाचणवही बाजूला फेकली, तेव्हा आम्ही सगळ्या तुमच्या वतीनं तापलो होतो. तुम्ही वही उचललीत, बघितलीत आणि म्हणालात, "बरोबर आहे, दोन धडे राहिलेत. करते." तुमचा चेहरा उतरला नाही. घरी जाऊन तुम्ही रडलाही नसाल. कुणाचं कौतुक झालं तर तुम्हाला खरोखर आनंद व्हायचा, आणि मी तर कौतुक वाटताना माझा नंबर कितवा ते मोजत बसायचे. तुमची प्रार्थना मी कितीदा ऐकली. त्यात नवस नसायचा, हे दे मग मी ते करीन असं नसायचं. घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशा बोलायचात. आज पोरांवर ओरडले, चुकलं, उद्या सांभाळ. झालं. मी अंबाबाईपुढे उभी राहते तेव्हाही आपण कुठं कमी पडलो याचीच धास्ती असते. तुम्हाला ती धास्ती नव्हती आणि मला तुमचा हेवा वाटायचा.

म्हणून तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, चर्चच्या हॉलमध्ये मला बोलायला लावलं तेव्हा मी मनापासून बोलले. "करुणाबाईंच्या तोंडून मी आयुष्यात एक खोटा शब्द ऐकला नाही." टाळ्या पडल्या. मी खाली येऊन बघितलं तर तुमचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं साखर कमी झाली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी बोलावलंत. चहा केला नाहीत. दार लावलंत आणि उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केलीत.

मी शाळेत लागायच्या आधीची गोष्ट. तेव्हा शाळेला मुलींचं वसतिगृह होतं आणि त्याची जबाबदारी तुमच्यावर होती. स्वयंपाकाला मुरगूडची अक्काताई होती. तिची मुलगी सुमन, सगळ्यांची सुमी, आपल्याच शाळेत सातवीत होती. थंडीचे दिवस. सकाळी अक्काताई आंघोळीच्या कढत पाण्याचा हंडा न्हाणीकडे नेत होती. तुम्ही म्हणालात, "तो इथंच बोळात ठेव, मी बघते. तू आधी नाश्त्याचं बघ." तिनं ठेवला. तेवढ्यात कुणी पालक आले म्हणून तुम्ही ऑफिसात गेलात. दुसरीतली एक पोर धावत आली आणि हंड्यावर आदळली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पोर वाचली, हातावर खूण राहिली.

चौकशीत तुम्हाला विचारलं, हंडा बोळात कुणी ठेवायला सांगितला? तुम्ही म्हणालात, मी सांगितला नव्हता. अक्काताई म्हणाली, बाईंनीच सांगितला. शिकलेल्या बाईचा शब्द आणि स्वयंपाकिणीचा शब्द. आठ दिवसांत अक्काताई आणि सुमी ट्रंक घेऊन गावी गेल्या.

"एवढंच एक वाक्य," तुम्ही म्हणालात. "मी सांगितला नव्हता. छत्तीस वर्षं झाली."

बाई, त्यावर मी जे बोलले ते मला पुन्हा लिहावंसं वाटत नाही. मी म्हणाले, "आता कळलं मला, तुम्हाला ते दिलेलं नीतिमत्त्व इतकं गोड का लागतं. तुम्हाला ख्रिस्ताचं मिळालं, बाई. अक्काताईला काय मिळालं?"

मी चपला घालून निघून आले. दोन महिने मी तुमच्याकडे फिरकले नाही. रागही होता आणि एक प्रकारचं समाधानही होतं, तेही सांगून टाकते. इतकी वर्षं तुमचा हेवा केला होता, आता तुम्ही माझ्याच पातळीला उतरलात, असं काहीतरी. स्वतःची लाज वाटायला मला वेळ लागला.

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला होता, आमच्या बावड्यात मळीचा वास भरला होता, तेव्हा तुमचा फोन आला. "शालू, मुरगूडला जायचंय. एकटीला एसटीत चढता येत नाही. येतेस?"

मी विचारलं नाही कशाला.

त्या आधीच्या रविवारी तुम्ही उपासनेनंतर महिला मंडळात उभ्या राहून सगळं सांगितलं होतंत, हे मला तुम्ही बसमध्ये सांगितलंत. एक जण म्हणाली म्हणे, "आता या वयात कशाला उकरून काढायचं, देवानं तर कधीच क्षमा केली." त्यावर तुम्ही म्हणालात, "देवानं केली म्हणूनच सांगायला उभी राहिले."

कागलच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रांगत होती. तुमच्या मांडीवर पिशवी, पिशवीत चष्मा, गोळ्या आणि एक पाकीट. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी म्हणाले, "मी त्या दिवशी जे बोलले ते..." तुम्ही माझा हात दाबलात. "ते बरोबर होतं." आणि विषय संपवलात. मला माफी मागायची होती, बाई. तुम्ही मागू दिली नाहीत. नंतरही जमलं नाही. ती माझ्याकडे राहूनच गेली आहे.

अक्काताईचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात म्हशी, एका बाजूला धारेच्या बादल्या पालथ्या घातलेल्या. एक उंच, वाळकी म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"कोण पावणं? बसा की," ती म्हणाली.

तुम्ही बसला नाहीत. "अक्काताई, मी करुणा. वसतिगृहाची."

तिचे हात थांबले. तिनं तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हातारी झालीसा की."

"हो."

"कशापायी आलायसा?"

तुम्ही एका दमात सांगितलंत. हंडा मी ठेवायला सांगितला होता, चौकशीत मी खोटं बोलले, तुझी काही चूक नव्हती. एकही शब्द गिळला नाहीत. कारणं दिली नाहीत. मी तेव्हा घाबरले होते, नोकरी जाईल असं वाटलं, यातलं काहीच म्हणाला नाहीत. येशूचं नावसुद्धा काढलं नाहीत, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय.

अक्काताईनं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "मला म्हाईत न्हवतं व्हय हे? मला काय सांगायला आलासा? ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांगा."

तुम्ही पाकीट पुढे केलंत. त्यात तेच सगळं तुमच्या अक्षरात लिहिलेलं, खाली सही. तिनं सुनेला हाक मारली. सून पदराला हात पुसत आली आणि हळू आवाजात वाचायला लागली.

"मोठ्यानं वाच," अक्काताई म्हणाली. "शेजारच्यास्नी ऐकू जाऊ दे. छत्तीस वर्षं हितं मला पोर भाजवलेली बाई म्हणत्यात."

सुनेनं मोठ्यानं वाचलं. कुंपणापलीकडे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही मान खाली न घालता उभ्या होतात. वाचून झाल्यावर अक्काताई म्हणाली, "माझं जाऊ दे. मी काय, हितं भांगलली, तितं भांगलली. माज्या सुमीचं काय? हुशार हुती. सातवीतनं काढली, सोळाव्या वर्षी निपाणीला दिली. विड्या वळती. तिचं काय?"

तुम्ही म्हणालात, "त्याला माझ्याकडे उत्तर नाही, अक्काताई."

"न्हायच की."

मग तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितला. "च्या घेऊन जावा. दारात आलेल्याला तसंच लावून देत न्हाय मी. पर माफ केलं असं समजू नगासा."

"मी माफी मागायला आले नव्हते," तुम्ही म्हणालात. "खरं काय ते सांगायला आले होते."

परतीच्या बसमध्ये मी तुम्हाला विचारलं, "हलकं वाटतंय का?"

"नाही गं. सुमीचं ओझं आजपासून सुरू झालं. पण भीती गेली." थोड्या वेळानं तुम्हीच पुढे बोलायला लागलात. इतकी वर्षं तुम्ही ती शिकवण अर्धीच वापरली होती. ख्रिस्तानं झाकलंय, मग आता लोकांपुढे कशाला, असं मनाला सांगत राहिलात. लोकांनी दिलेलं 'चांगली बाई' हे नाव तुम्हाला ख्रिस्ताच्या नावापेक्षा जास्त लागत होतं. "वाढदिवसाला तू बोललीस ना, तेव्हा कळलं. मी दोन झगे घालून हिंडत होते. एक त्यानं दिलेला, एक मी शिवलेला. माझा फाटला असता तर मी उघडी पडले नसते. पण मला त्याच्या झग्याचा भरवसाच नव्हता, मग विश्वास कसला होता माझा?"

"आणि आता?"

"आता अक्काताई मला खोटारडी म्हणते, ते खरं आहे. देव मला नीतिमान म्हणतो, तेही खरं आहे. पहिलं खरं आहे हे मी आता ऐकून घेऊ शकते, कारण दुसरं त्यामुळे बदलत नाही."

पंचवीस वर्षं मी ज्याला फुकटची सोय म्हणत आले होते, त्याच गोष्टीनं एका ऐंशी वर्षांच्या बाईला परक्या अंगणात, शेजारपाजाऱ्यांसमोर ताठ उभं केलं होतं. माझे चार उपास मला माझ्या स्वतःच्या नणंदेसमोर उभं करू शकले नव्हते.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले. ती माझ्या सासूबाईंची लेक. तिला सांगितलं, तुझ्या आईला मी मारलं होतं. ती उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "वहिनी, मला एकदा येऊन तिची पेज भरवता आली असती. मी तीन वर्षांत चारदा आले." आम्ही दोघी रडलो. तुम्हाला फोन करून सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आता तो मंगळवारचा उपास सोड. जेव." मी सोडला.

तुमच्या घरातून निघताना, गेल्या महिन्यात, आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हणाले, "बाई, तुमच्या देवाचं म्हणणं सुंदर आहे, पण ते येशूच्या नावाशीच का बांधायचं? चांगुलपणा कुणाचाही कुणालाही का लागू नये?" तुम्ही म्हणालात, "कारण कुणीतरी ते आयुष्य खरंच जगावं लागतं, शालू. आणि कुणीतरी ते मरण खरंच मरावं लागतं. नुसत्या कल्पनेनं कुणी धुतलं जात नाही." मी म्हणाले, पुढच्या वेळी बोलू. तुम्ही दारात उभ्या राहून तुमच्या चर्चच्या रिवाजानं "सलाम" म्हणालात, नेहमीसारखं. मी नमस्कार केला, नेहमीसारखा. पुढची वेळ आली नाही. मला अजून उत्तर सापडलेलं नाही आणि तुमचं उत्तर मला खोडूनही टाकता आलेलं नाही.

सुमीकडे निपाणीला जायचं तुमचं राहिलं. दोनदा ठरवलंत, दोनदा पायांना सूज आली. शेवटी दवाखान्यात तुमच्या छातीला यंत्राच्या वायरी लावल्या होत्या, तेव्हा मी विचारलं होतं, भीती वाटते का? तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. मग ओठ हलले म्हणून मी वाकले. तुम्ही म्हणालात, "सुमीचं वाईट वाटतं. भीती नाही." वाईट वाटणं आणि भीती वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माझ्यात त्या कायम एकत्रच राहिल्या होत्या.

काल मी अक्काताईला फोन केला. सुनेनं उचलला, मग तिच्याकडे दिला. तुम्ही गेल्याचं सांगितलं.

"कवा?"

"आठ दिवस झाले."

"लई तरास झाला का?"

"नाही. शांतपणे गेल्या."

पलीकडे म्हैस हंबरली. अक्काताई कुणावर तरी ओरडली, वैरण टाक म्हणून. मला वाटलं फोन ठेवला. मग आवाज आला. "ते पत्र सुमीला दिलं मी. दिवाळीला आलती. तिनं वाचलं, पुन्यांदा वाचलं, आणि पिशवीत घालून घेऊन गेली."

"बरं."

"मी त्या दिशी माफ केलं असं म्हटलं न्हाय. आज बी तोंडातनं निघत न्हाय. खोटं कशाला बोलू."

"नका म्हणू, अक्काताई."

"पर ऐक. तितं कुणी इचारलं बाई कशी हुती, तर चांगली हुती म्हणून सांग. अक्काताईनं सांगितलंय म्हण."

आणि तिनं फोन ठेवला.

बाई, अजून मला कुणी विचारलेलं नाही. मी न विचारताच सांगत सुटले आहे.

तुमची,
शालू